गरिबाची भाकरी

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी देशावर पोळी सणाची आणि जोंधळ्याची भाकरी रोजची, असा घरोघर रिवाज होता. आज उलटे झाले आहे. बाजारात ज्वारी कित्येकदा गव्हाहून महाग मिळते. मग हमालाच्या ताटातली भाकरी नाहीशी झाली, यात नवल ते काय?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. हा लाभ लहान नव्हे. परंतु पोट भरणे निराळे आणि अंग धरणे निराळे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडीक तांदळात १० च्या आसपास. कायद्याने भरड धान्याला जागा दिली, पण रेशनच्या पिशवीत ते क्वचितच पडते.

कोणी म्हणेल, शेतकरीच ज्वारी पेरीनासा झाला. खरे आहे, पण खरेदीची खात्री नसता त्याने ती का पेरावी? सरकारकडे मागणी करूच. तोवर हातावर हात ठेवून बसू नये. रब्बीची सुगी नुकतीच आटोपली आहे. पेठेतील २५ कुटुंबांनी मिळून शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी घ्यावी. गरिबाला वर्षाचे पैसे एकदम देता येत नाहीत. ज्यांना येतात त्यांनी ते आधी घालावेत, इतरांनी आठवड्याच्या मजुरीतून फेडावेत. यंदा एवढे करून पाहू, इतकीच आमची विनंती.