सर्वोत्तम कॅमेरा, पण कशासाठी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील चर्चेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा चर्चेला विषय मिळाला आहे : फिल्मवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याला सर्वोत्तम म्हणता येईल का? आम्ही सरकारी खात्यातली डिप्लोमावाली माणसं. टेंडरमध्ये नुसतं 'उत्तम दर्जाचे' एवढंच लिहिलं की फाइल परत येते. कशासाठी उत्तम, किती वर्षं टिकणार, हे लिहावंच लागतं. कॅमेऱ्यालाही आम्ही तोच नियम लावणार.

पहिलं नाव निघतं निकॉन एफएम-२ चं. १९८२ चा कॅमेरा. शटर पूर्ण यांत्रिक, वेग सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत. सेल संपला तर फक्त प्रकाशमापक बंद पडतो, फोटो निघत राहतो. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी याच कॅमेऱ्यातली. धुळीत, उन्हातान्हात वणवण करायची असेल तर आमचं मत याला. उलट यशिका इलेक्ट्रो-३५ घ्या. देखणा, भिंगही छान. पण ज्या पाऱ्याच्या सेलवर तो चालायचा तो सेलच आता बनत नाही. खटपट करून चालवणारे आहेत. टिकाऊपणाच्या रकान्यात मात्र आम्ही गुण कापू.

पण आपण हुबळी-धारवाडची माणसं. मैफलीची अट घातल्याशिवाय आपलं स्पेसिफिकेशन पुरं व्हायचं नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांच्या गावांत, आलापी रंगात आलेली असताना एफएम-२ चा आरसा खटॅक करून आपटला तर पुढच्या रांगेतले जाणकार काका कसे वळून बघतील, हे आपल्याला सांगायला नको. तिथे दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स हवा, नाहीतर त्याच वळणाचा यशिका-मॅट. आतला आरसा हलत नाही, शटर भिंगातच, आवाज अगदी बारीक. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचं, म्हणजे फोटो काढणारा मान लववून उभा. यंत्र डोळ्याला लावून कलावंतासमोर ठाकण्यातला आगाऊपणा त्यात नाही. काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, सवय होईपर्यंत माणूस गोंधळतो, तेवढं सोसावं.

(अंधाऱ्या मांडवात आजचा मोबाइल या साऱ्यांना हरवतो. ते आधीच मान्य करून टाकू, म्हणजे तरुण मंडळी मध्येच हात वर करणार नाहीत.)

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्यापैकी किती घरांत रोलीफ्लेक्स होता? बहुतेकांकडे होता तो बडोद्याला बनणारा आगफा क्लिक-३. भिंग साधं, करण्यासारखं काम काय तर ऊन की ढग एवढं ठरवणं. यंत्र म्हणून त्याला सर्वोत्तम म्हणणं हा विनोद होईल. तरीही जुन्या अल्बममधले चौकोनी, लहान फोटो आजही स्वच्छ का दिसतात? कारण रोल १२० चा. एका रोलवर बाराच फोटो, पण एकेक निगेटिव्ह जवळपास सहा सेंटीमीटर चौरस, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पट. स्टुडिओवाले बहुधा ती कागदावर थेट ठेवूनच छापायचे. चित्र मोठं केलंच नाही, त्यामुळे भिंगातला दोष मोठा झाला नाही. आजोबांची पगडी, आजीच्या नथीतला मोती, मागच्या मंगळूरी कौलांची ओळ, सगळं त्या निगेटिव्हमध्ये आहे. छापलेल्या कागदावर उतरलं त्याहून अधिक आहे.

आणि नेमकं तेच आपण गमावतो आहोत. जुना वाडा पाडला, घराला रंग काढला, की निगेटिव्हची पिवळी पाकिटं रद्दीवाल्याकडे जातात आणि कॅमेरा पुसूनपासून शोकेसमध्ये बसतो. पाहुणे आले की तो हातात घेऊन सर्वोत्तमची चर्चा सुरू. आमचं म्हणणं, हे उलटं झालं. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पीड ग्राफिक वापरला, रोलीफ्लेक्स वापरला, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. आज दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनने जपून ठेवला आहे तो त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह, आणि अभ्यासक तिथे जातात ते तो बघायला.

म्हणून आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये शेवटचं कलम असं : ज्याची निगेटिव्ह आजही हातात घेता येते तो कॅमेरा वरच्या क्रमांकाला. या कलमावर एखाद्या घरचा क्लिक-३ दुसऱ्या घरच्या एफएम-२ ला मागे टाकील, आणि त्याला आमची हरकत नाही.

आता कामाचं. घरी गेल्यावर कपाटातला तो पत्र्याचा डबा उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. ती दुसऱ्या निगेटिव्हजवळ ठेवू नका, आधी तिचंच स्कॅनिंग करून घ्या. वास नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. धारवाडचा पाऊस आपल्याला माहीत आहे. माळ्यावर आणि भिंतीला लागून नकोच. पाकिटावर पेन्सिलीने नावं लिहा, आणि ती ओळखणारी आत्या, मावशी, अज्जी घरात आहेत तोवर लिहा. ज्यांच्याकडे असा डबा आहे त्यांनी आज आरतीनंतर थोडं थांबावं. स्कॅनर आणायचं आम्ही तिघा-चौघांनी कबूल केलं आहे. रविवारी बसू.