मंदिरसेवेची पाळी



आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव चालू असतां, परमेश्वराच्या जुन्या प्रजेनें यरुशलेमाच्या मंदिरांत सेवा कशी केली व तिचा आम्हां ख्रिस्ती जनांशीं काय संबंध आहे, याचा आपण थोडा विचार करूं.

शलमोन राजानें बांधिलेलें मंदिर साठ हात लांब, वीस हात रुंद व तीस हात उंच होतें. त्यासाठीं लबानोनच्या रानांतून गंधसरूचें लांकूड आणविलें. तीस हजार मजूर नेमिले. त्यांतील दहा हजारांनीं एक महिना रानांत राबावें व दोन महिने घरीं राहावें, अशी पाळी होती. आपण झाडीपट्टीचे लोक. लांकूड तोडणें व वाहणें म्हणजे काय कष्ट, हें आपणांस सांगावयास नको. त्या मजुरांचीं नांवें शास्त्रांत लिहिलेलीं नाहींत. तरी मंदिराचा भार त्यांच्याच खांद्यांनीं वाहिला.

मंदिरांतील नित्यसेवाहि पाळीनेंच चाले. रोज सकाळीं एक व सायंकाळीं एक कोंकरूं अर्पण होई, जैतुनाच्या शुद्ध तेलाचा दीप तेवे, व दर शब्बाथीं बारा भाकरी प्रभूपुढें नव्यानें मांडीत. याजकांचे चोवीस वर्ग होते. योहान बाप्तिस्त्याचा पिता जखऱ्या हा अबीयाच्या वर्गांतील. आपली पाळी बजावीत असतांच त्याला देवदूताचें दर्शन झालें. लेव्यांपैकीं कोणी द्वारपाळ, तर कोणी गायक असत.

वेदीवरील अग्नि कधीं विझूं द्यावयाचा नव्हता. परंतु अग्नीस सरपण पाहिजे. बाबेलच्या बंदिवासांतून लोक परतल्यावर, नहेम्याच्या काळीं, सरपण आणण्यासाठीं याजक, लेवी व सामान्य जन यांनीं एकत्र चिठ्ठ्या टाकिल्या आणि घराण्याघराण्यास वेळ नेमून दिली. ज्याला वेदीजवळ जाण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या मोळीनेंच वेदी पेटती राहिली!

पण केवळ इमारत तारीत नाहीं. अनाथ, विधवा व परका यांस गांजाल, तर हें मंदिर तुम्हांला वांचविणार नाहीं, असा इशारा यिर्मयानें मंदिराच्या दारांतच दिला. पहिलें मंदिर बाबेलच्या लोकांनीं जाळिलें, दुसरें इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें पाडिलें.

मंदिर गेल्यावर भक्ति कशी टिकली, हें आपल्या महाराष्ट्रांतच पाहावें. कोंकणांतील बेने इस्राएल तेल गाळीत, व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर सामुएल इझेकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधिलें. तोंपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या त्यांची उपासना घरोघरीं जिवंत राहिली होती.

आतां आपल्याकडे वळूं. प्रभु येशूनें आपल्या देहालाच मंदिर म्हटलें. महायाजक वर्षांतून एकदांच ज्या पडद्याआड जाई, तो पडदा प्रभूच्या मरणसमयीं वरपासून खालपर्यंत फाटला. १९६२ सालीं चांदा येथें ज्या सीरो-मलबार परंपरेचा विभाग स्थापन झाला, तिच्यांत वेदीस्थानास मद्बहा म्हणतात, व त्यापुढें पडदा लावण्याची चाल आहे. तो उघडतांना पाहाल, तेव्हां हें स्मरा. कालवरीचा तोच एकमेव यज्ञ मिस्सेंत आपल्यासमोर प्रकट होतो. आणि बाप्तिस्म्यानें आपण सर्व त्या मंदिराचे जिवंत दगड झालों.

परंतु दगडानें आपली जागा सोडिली, तर भिंत कशी उभी राहावी? धानाच्या रोवणीचे दिवस आले, तरुण मंडळी कामासाठीं परगांवीं गेली, म्हणजे घंटा वाजविणारे, झाडलोट करणारे व आजाऱ्याच्या घरीं जाणारे तेच चार वृद्ध हात उरतात. ते हात थकतील तेव्हां काय?

म्हणून माझी विनंति आहे. महोत्सवानंतरच्या पहिल्या रविवारीं, मिस्सा झाल्यावर, आपणहि चिठ्ठ्या टाकूं. प्रत्येक घरानें वर्षांतील आपला आठवडा घ्यावा. त्या आठवड्यांत देवघर झाडावें, दिव्यास तेल घालावें व एका दुःखिताची विचारपूस करावी. आपण गरीब आहों, असें कोणीं म्हणूं नये. गरिबांसाठीं नेमिलेलें पक्ष्यांच्या जोडीचें अर्पण घेऊनच पवित्र मरिया मंदिरांत गेली होती, आणि तिच्या हातांत जगाचा तारणारा होता.

तो प्रभु आपली सेवा स्वीकारो. आमेन.