झिजलेला टायर जातो कुठे?



आपल्यापैकी कित्येकांची चूल रिक्षा, ट्रक किंवा गॅरेज यांवर पेटते. टायर गुळगुळीत झाला की तो बदलावा लागतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण झिजलेले ते रबर गेले कुठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

अमेरिकेतील सिएटल शहराजवळच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालण्यासाठी परततात. मोठा पाऊस झाला, रस्त्यांवरचे पाणी ओढ्यात उतरले, की हे मासे अंडी घालण्यापूर्वीच काही तासांत मरत. कारण कळत नव्हते. तेथील संशोधकांनी टायरच्या रबराचा कीस पाण्यात मुरविला आणि त्या पाण्यात मासे सोडले. ते मेले. परंतु त्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती! त्यांचे भाग पाडावे, प्रत्येक भाग माशांवर तपासावा, निरुपद्रवी भाग बाजूला सारावा, असे करीत ते अखेर एका रसायनापर्यंत पोहोचले. गंमत अशी, की टायरमध्ये घालावयाच्या पदार्थांत त्याचे नावच नव्हते!

उलगडा असा झाला. टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचे रसायन मिसळतात. हवेतील ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन हे नवेच विष तयार होते. हा शोध डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्नियात टायर-उत्पादकांना ६पीपीडीला पर्याय शोधणे भाग पडले आहे. मात्र ६पीपीडी नुसतेच काढून टाकले, तर टायर तडकून माणसांचे जीव धोक्यात येतील. म्हणजे मासाही वाचला पाहिजे आणि प्रवासीही.

हे कोडे अजून सुटावयाचे आहे, विद्यार्थी मित्रहो, आणि ते तुमची वाट पाहत आहे.

वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला बालपणीच मिळते. पाणी नासू न देणे हाही तिचाच भाग नव्हे काय? टायरमध्ये योग्य हवा ठेवली, चाकांची अलाइनमेंट वेळेवर करून घेतली, तर झीज कमी होते. एवढे तर आजच आपल्या हाती आहे.

पालकांना माझी एकच विनंती : मुलगा असो वा मुलगी, "हे गेले कुठे?" असे त्याने किंवा तिने विचारले, तर गप्प बसवू नका. प्रयोगशाळेची वाट त्या प्रश्नापासूनच सुरू होते.

खुदा हाफिज.