एका विहिरीवर तीन मोटारी

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात हिंगोली येथे दिलेले व्याख्यान)



चालकमंडळींनी "शेतीतील पाणी उपसण्याची यंत्रे" या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. मेळाव्यात विद्यार्थी वसतिगृह, विवाहखर्च, शिष्यवृत्ती अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने पंप आणि नळ्या हा विषय रुक्ष वाटेल. परंतु भावाभावांचे जे तंटे वडीलधाऱ्यांपुढे समजुतीसाठी येतात, त्यांतील आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक तंटे बांधावरून नव्हे, विहिरीवरून उद्भवलेले आहेत. तेव्हा हा विषय ज्ञातीच्या व्यासपीठावर मांडण्याजोगा आहे, अशी आमची समजूत आहे.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे त्यापूर्वीच, १९६८ साली पुरी झाली होती, आणि वसमतकडील शेतांत कालव्याचे पाणी खेळू लागले होते. पैनगंगेवरील इसापूरच्या धरणाचा लाभ कळमनुरीकडील काही गावांना मिळाला. पण सेनगाव, औंढा आणि हिंगोलीच्या माळावरील शेतकऱ्याला कालवा म्हणजे दुसऱ्याच्या गावची गोष्ट. त्याची सारी भिस्त विहिरीवर. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे या दुसऱ्या वर्गात मोडतात, म्हणून आम्ही विहिरीपुरतेच बोलणार आहोत.

आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, तिची सोंड, नाडा आणि सोंदूर, धावेवरून उतरणारे बैल, थारोळ्यात कोसळणारे पाणी हे सारे येथे बसलेल्या वृद्ध मंडळींच्या डोळ्यांपुढे उभे राहील. मोटेचे गोडवे गाण्याचा आमचा मानस नाही. त्या कामात माणूस आणि जनावर दोघेही झिजत. पण मोटेत एक गुण होता, तो कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. बैल दमत. दुपारी ते सोडावे लागत, आणि तेवढ्या अवधीत विहिरीला पुन्हा पाझर फुटे. चौमोटी विहिरीवर चार भावांच्या चार मोटा चालल्या, तरी दिवसाकाठी उपसा किती व्हायचा हे बैलांच्या दमावर ठरे. वाटणीच्या कागदात पाण्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, कारण लिहिण्याची गरज पडली नाही.

पुढे तेलावर चालणारे इंजिन आले. किर्लोस्करवाडीस १९२६ साली पंप तयार होऊ लागला होता, आणि १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच आपल्याकडे नव्या गोष्टींना वाट मिळाली, तीही सावकाश. गावात इंजिन एकाकडे असे. ते बैलगाडीत घालून या विहिरीवरून त्या विहिरीवर भाड्याने नेत. त्याचा फटफट आवाज कोसभर ऐकू येई आणि कोणाच्या रानात पाणी चालू आहे हे साऱ्या गावाला कळे. इंजिन दमत नसे, पण तेल संपे, आणि तेलाला रोख पैसा लागे. मर्यादा होती, ती बैलांच्या पायांतून निघून खिशात येऊन बसली एवढेच.

१९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, वीज पोहोचली, विजेच्या मोटारी बसल्या. मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी रूढ झाल्यावर तास मोजण्याचे कारण उरले नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल राज्य शासनाने माफ केले. हे चांगले की वाईट या राजकीय वादात आम्ही शिरत नाही. ज्या शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव मनासारखा मिळत नाही, त्याला बिलाचा भार हलका झाल्याचा आनंद होणारच. आम्ही इतकेच नमूद करतो की खिशातील मर्यादाही गेली. उरली ती वीज येण्याजाण्याची वेळ, आणि तिच्यावरही लोकांनी आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवून तोड काढली. वीज येताच शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, डी. पी. जळते, आणि मग पंधरा दिवस सर्वांचीच पिके सुकतात.

आता थोडे गणित करू. शाळेतील मुलांनी हे आपल्या वडिलांना घरी करून दाखवावे.

वीस फूट व्यासाची विहीर घ्या. तिच्यातील एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एक एकर रानावर एक इंच उंचीचे पाणी पसरायचे तर सुमारे १ लक्ष ३ हजार लिटर लागतात. म्हणजे एका एकरावर केवळ एक इंच पाणी देण्यासाठी विहीर साडेअकरा फूट उतरते. पाट मोकळा सोडून दारे धरणारा शेतकरी एका पाळीत एक इंचावर थांबत नाही. दोन इंच, तीन इंच सहज जाते.

पाच अश्वशक्तीची मोटार शंभर फूट उचल असताना सेकंदाला पाच लिटरच्या आसपास पाणी फेकते. (आपली मोटार किती फेकते ते पाहायचे असेल तर दोनशे लिटरचे पिंप नळाखाली ठेवून सेकंद मोजावेत. चाळीस सेकंदांत भरले तर हिशेब जुळला. साठ लागले तर पंपाची चाके झिजली आहेत किंवा नळी अरुंद आहे असे समजावे.) तासाला १८,००० लिटर, म्हणजे विहिरीचे दोन फूट. वडील वारले, तीन भाऊ विभक्त झाले, तिघांनी तीन मोटारी सोडल्या, की तासाला सहा फूट. वीस फूट पाणी सव्वातीन तासांत तळाला जाते. त्या पाण्यात तिघांचे मिळून एक इंचाने पावणेदोन एकर रान भिजते. विहीर तीन तासांत कोरडी करण्यासाठी तीन मोटारी, तीन स्टार्टर आणि तीन कर्जे काढलेली असतात.

येथून तंटा सुरू होतो. ज्याची मोटार खालच्या पातळीला असेल त्याला शेवटचे पाणी मिळते, म्हणून दुसरा आपला फुटबॉल आणखी खाली सोडतो. तिसरा चिडून बोअर घेतो. आपल्या जिल्ह्यातील जमीन काळ्या पाषाणाची. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. खालचा सलग पाषाण पाणी धरत नाही. बोअरला एखादी भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. आणि लागलेली भेग पुष्कळदा भावाच्या विहिरीचाच झरा असते. बोअर कोरडी गेल्यावर गाडीवाला पैसे माफ करीत नाही. या खड्ड्यांत गेलेल्या पैशांत मुलींची शिक्षणे झाली असती, अशी कुटुंबे या मंडपातच बसलेली आहेत. त्यांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही.

ठिबक आणि तुषार या साधनांची गोष्ट निराळी आहे, पण त्यांच्याविषयीही भाबडेपणा नको. ठिबकाचे आजचे रूप इस्राएलमध्ये १९६५ च्या सुमारास कारखान्यात तयार होऊ लागले. आपल्या महाराष्ट्रात जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ते गावोगाव नेले. आज हिंगोली आणि वसमतच्या हळदीच्या गादीवाफ्यांवर काळ्या नळ्या सर्वत्र दिसतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. हळदीला पाणी हवे पण साचलेले नको. साचले की कंद कुजतो. म्हणून हे पीक आणि हे साधन यांची जोडी चांगली जमते. हरभरा, गहू अशा दाट पिकांवर तुषार संच बरा, परंतु त्याला दाब अधिक लागतो आणि वाऱ्यात पाणी उडते. नळ्या अंथरल्या म्हणजे काम संपले असे नाही. गाळणी धुतली नाही, आम्लाने नळ्या साफ केल्या नाहीत, की क्षाराने छिद्रे बुजतात आणि तिसऱ्या वर्षी संच कोपऱ्यात गुंडाळून पडतो. अल्प व अत्यल्प भूधारकांस खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांस ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. परंतु अनुदान गाळणी धुवायला येत नाही.

ठिबकाने पाणी वाचते, हे विधान अर्धेच खरे आहे. पिकाला जे प्यायचे ते ते पितेच. वाचते ते पाटात मुरणारे आणि वाफ होऊन जाणारे. त्यातले मुरणारे काही पाणी पूर्वी फिरून विहिरीतच येत असे. शिवाय वाचलेले पाणी विहिरीत शिल्लक राहते असे कोणी समजू नये. बहुधा पुढच्याच हंगामात त्यावर आणखी एक एकर हळद लागते. म्हणून आमच्या मते ठिबकाचा खरा लाभ दुसरीकडे आहे. एका एकर हळदीला दिवसाला चार मिलिमीटर पाणी धरले तर सोळा हजार लिटर पुरतात, म्हणजे विहिरीचे दोन फूटही नाहीत आणि मोटारीचा एक तासही नाही. तीन भावांचा एकेक एकर असेल तर एकच मोटार, प्रत्येकी एक तासाची पाळी, आणि विहीर साडेपाच फूट उतरून पुढच्या दिवसापर्यंत सावरायला मोकळी. बैलांनी नकळत दिलेली विश्रांती आता आपणांस घड्याळ लावून द्यावी लागेल. तीन मोटारींपैकी दोन विकल्या तर गाळणीचा खर्च त्यातच निघेल.

अशी वाटणी माणसांना साधत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मज्जाव. पाण्याचा हक्क त्यांनी जमिनीकडून काढून माणसांच्या संख्येला जोडला. परक्या घरांना जे जमले ते सख्ख्या भावांना जमू नये काय?

सौरपंपाविषयी विचारणा झाली होती. २०१९ च्या कुसुम योजनेनंतर आणि २०२४ च्या "मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेनंतर हे पंप झपाट्याने वाढले. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि पुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के भरावयाचे. आम्ही याचे स्वागत करतो, आणि ते मुख्यतः एका कारणासाठी. वीज रात्री येते म्हणून माघाच्या थंडीत, अंधारात, ओल्या पायांनी दारे धरायला जावे लागते. विंचू-सापाचे आणि उघड्या तारेचे भय घरातील बायकांनी किती वर्षे सोसले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दिवसाचे पाणी ही त्यांच्या दृष्टीने मोठीच सुटका आहे. परंतु हेही सांगितले पाहिजे की या पंपाला तेल नाही, बिल नाही, विजेची पाळी नाही. ऊन आहे तोवर तो चालेल, आणि उन्हाळ्यात, जेव्हा विहीर सर्वांत अशक्त असते, तेव्हा तो सर्वांत जोमाने चालेल.

आता कामाचे. वाटणी महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये होवो वा नोंदणी करून, आपण जमीन गुंठ्यांनी मोजतो आणि विहिरीपुढे "सामाईक" एवढा शब्द लिहून मोकळे होतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत "एक तृतीयांश हिस्सा" अशी नोंद होते. पण पाण्याचा तिसरा हिस्सा म्हणजे काय, हे त्यातून कळत नाही. तास किती, दिवस कोणता, मोटार किती अश्वशक्तीची, विहीर ठराविक फुटांवर आली म्हणजे उपसा कोणी थांबवायचा, गाळ काढण्याचा खर्च कसा वाटायचा, सामाईक विहिरीशेजारी बोअर घ्यायची की नाही, हे वाटणीच्या दिवशीच, सर्वांची मने गोड असताना लिहून घ्यावे. बहिणींनाही बोलवावे. २००५ च्या दुरुस्तीने त्यांचा हिस्सा भावाइतकाच आहे, आणि हक्कसोडीवर सही घेण्यापुरती बहीण आठवण्याची आपली रीत सुधारण्यास ही संधी आहे.

अशा लेखाचा एक नमुना वकील मंडळींकडून तपासून चिटणिसांच्या मेजावर ठेवला आहे. त्यात विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली यांच्या जागा कोऱ्या आहेत. अक्षय तृतीयेच्या सुमारास, हळदीच्या लागवडीपूर्वी, विहीर तळाशी असताना सर्व भावांनी एकत्र उभे राहून दोरी सोडावी, आणि येईल तो आकडा त्या कोऱ्या जागेत भरावा.