कोंबडीच्या खाद्यातले बुरशीचे विष

परतीच्या पावसात मका भिजतो, कणसाला हिरवट-पिवळी बुरशी धरते. असा मका बाजारात कोणी घेत नाही. मग आपण म्हणतो, "टाका कोंबड्यांना, त्यांना काय कळतंय!" इथंच आपलं चुकतं.

ही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता कारण सापडले ते त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत. 1974 साली आपल्या शेजारच्या गुजरात व राजस्थानात बुरशी लागलेला मका खाऊन माणसेही दगावली. तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

विष थोडे असले तर कोंबडी लगेच मरत नाही. ती खाते, पण वाढत नाही. अंडी घटतात. वेळेवर लस टोचूनही रोग येतो, कारण अंगातली प्रतिकारशक्तीच खचलेली असते. मेलेली कोंबडी उघडून पाहिली तर काळीज सुजलेले, पिवळट दिसते. बदकांना तर हे विष कोंबड्यांपेक्षा लवकर बाधते.

पुष्कळजण विचारतात, "मका उन्हात वाळवला, बुरशी झटकली, मग झालं ना?" नाही. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले विष दाण्यातच राहते. शिजवूनही ते पुरते जात नाही. त्याचा अंश कोंबडीच्या मांसात व अंड्यात उतरू शकतो, आणि काळजात तो मांसापेक्षा जास्त सापडतो. म्हणजे हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत येतो.

मग करायचे काय?

मका साठवण्यापूर्वी चांगला वाळवा. ओलावा 12 ते 13 टक्क्यांपेक्षा जास्त नको. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे दाणे व कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटले तर दाणा अजून ओला आहे असे समजा. मीठ चिकटले नाही तरी एखादे ऊन जास्तच द्या. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचा. खाद्य थोडे थोडे आणा, जुने आधी संपवा. भांड्यांत चिकटलेले ओले खाद्य रोज खरवडून काढा.

कुबट वास येणारी, गोळे झालेली पेंड चांगल्या खाद्यात मिसळून खपवू नका. दिसायला चांगल्या दाण्यातही विष असू शकते, म्हणून शंका येताच नमुना प्रयोगशाळेत पाठवा. कोंबडीखाद्यात या विषाची मर्यादा टनाला अवघी 20 मिलिग्रॅम आहे. हे डोळ्यांना दिसणारे काम नव्हे. विष शोषून घेणारी औषधे मिळतात, पण ती पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरा. सडलेला मका खपवण्यासाठी ती नाहीत.

एक पोते फेकताना जीव हळहळतो खरा. पण पोत्यापायी खुराडे रिकामे करू नका.