आंब्याचा नफा कोणाचा?

उत्तम माल पिकवावा म्हणजे नफा आपोआप पदरीं पडतो, अशी आपली जुनी समजूत आहे. ती खरी असती तर रत्नागिरीच्या हापूसवाल्यास कर्जाची चिंता उरली नसती.

या समजुतीचें परीक्षण करणारे विद्वान म्हणजे अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल पोर्टर. १९७९ सालचा त्यांचा लेख व १९८० सालचा 'कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी' हा ग्रंथ यांनीं व्यापारी धोरणाच्या विचारास नवें वळण दिलें. स्पर्धा मंदावल्यानें समाजाचें नुकसान कसें होतें, हें पूर्वींचे अर्थशास्त्रज्ञ पाहत. पोर्टर यांनीं तीच विद्या धंदेवाल्याच्या बाजूनें लावून पाहिली. चालू प्रतिस्पर्धी, नवे येणारे, पर्यायी माल, सामान पुरविणारे आणि माल घेणारे, या पांचांच्या जोरावर नफ्याची वांटणी ठरते, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

आतां आपल्या बागेकडे पाहूं. तोडलेलें फळ नाशिवंत. भाव पडला म्हणून तें ठेवून देतां येत नाहीं. फवारणीसाठीं दलालाकडून उचल घेतलेली असली, तर पेटी वाशीच्या बाजारांत त्याच्याच गाळ्यावर पाठवावी लागते. शेजारींच कर्नाटकांतील आंबा रत्नागिरीचें नांव सांगून विकला जातो. म्हणजे फळ कितीहि गोड असलें, तरी बागायतदाराचा हात दुबळाच राहतो.

यावर उपाय कोणता? स्वस्ताई किंवा वेगळेपण यांपैकीं एक मार्ग निश्चयानें धरावा, असें पोर्टर सांगतात. डोंगरउतारावरील हापूस स्वस्त होणें कठीण. तेव्हां वेगळेपण हाच त्याचा मार्ग. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच कामीं यावयाचें आहे. परंतु शेंपन्नास झाडांचा धनी एकटा बाजाराशीं झगडूं शकत नाहीं. प्रवरेकांठच्या ऊसवाल्यांनीं १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हां अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशीं होते. तो धडा आंब्यासहि लागू आहे.

शहरांतील गृहस्थांनीं व गृहिणींनीं यंदां पेटी घेतांना आंबा कोणत्या बागेंतला, एवढें अवश्य विचारावें. हा प्रश्न घरोघर विचारला जाऊं लागला, तर खोट्या नांवाचा आंबा विकणें अवघड होईल आणि बागायतदाराच्या हातीं दोन पैसे अधिक पडतील.