वाटाड्याचा नकार



माझी उमर कारखान्यांच्या फाटकांपुढे बोलण्यात गेली. त्यामुळे परदेशात गेलो तरी देवळे-बाजारांपेक्षा राबणाऱ्या माणसांकडेच नजर वळते. दिवाळीनंतर आम्ही उभयता थायलंडला गेलो, तेव्हाही तेच झाले.

त्या देशाच्या दक्षिणेस सुराट थानी प्रांतात खाओ सोक नावाचे अरण्य आहे. 1980 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्यापूर्वी काही वर्षे, सरकारच्या दडपशाहीला कंटाळून रानात गेलेले विद्यार्थी आणि कम्युनिस्ट तिथे दडून होते. त्यांच्या धाकाने लाकूडतोडे आत शिरले नाहीत, म्हणून झाडे वाचली असे सांगतात! पुढे वीजमंडळाने धरण बांधले. 1987 मध्ये ते पुरे झाले. 165 चौरस किलोमीटरांचा तलाव पसरला आणि 385 कुटुंबांना उठावे लागले. टेकड्यांची बेटे झाली. त्यांवर अडकलेली जनावरे सोडवण्याचे काम सुएब नाखासाथियेन या वन-अधिकाऱ्याने केले. सोडवलेल्यांपैकी किती मेली हे तो विसरू शकला नाही. 1990 साली, दुसऱ्या एका अरण्याच्या रक्षणासाठी झगडताना, त्याने स्वतःचा जीव घेतला.

लांब शेपटीच्या इंजिनाची होडी आम्हांला चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून नेत होती. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. आमच्या वाटाड्याने एका जागी बोट दाखवून सांगितले, “इथे खाली माझे आजोळ.” आपल्याला हे नवे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नळांना आणि कारखान्यांना पाणी देणाऱ्या बारवी धरणाखालीही घरेदारे गेली आहेत. उंची वाढवली तेव्हा आणखी गेली. घरटी एकाला नोकरी द्यायचे ठरले. ती पदरात पडायला मात्र वर्षे लोटली.

रात्री तराफ्यावरच्या खोलीत राहिलो. सकाळी रान. हुप्प्यांसारखे ओरडणारे गिबन ऐकले, धनेश पाहिले, जळवांनी तर आमचे स्वागतच केले. पुढे एक ओढा लागला. गुडघाभर पाणी, पलीकडे धबधबा. वाटाडा थांबला. पाणी गढूळ होऊ लागले होते आणि त्यावर हिरवी पाने वाहत होती. आमच्या डोक्यावर ऊन, तरी तो म्हणाला, “वर पाऊस पडला आहे. परत फिरायचे.”

बरोबरच्या दोघा तरुणांनी वाद घातला. आम्ही पैसे भरले आहेत, वगैरे. त्याने 2007 सालची गोष्ट सांगितली. याच अरण्यातल्या नाम तालू गुहेत पुराचा लोंढा शिरला आणि आठ माणसे बुडाली. त्यांत वाटाडेही होते. अर्ध्या तासाने आम्ही उंचावरून पाहिले, तो ओढा छातीएवढा झाला होता. तरुण गप्प झाले.

परतताना मी विचारले, “फेरी अर्धी राहिली तर मजुरी?” तो हसला. “अर्धीच.”

बंधूंनो, मला ते अर्धीच रानापेक्षा जास्त लक्षात राहिले. बॉयलरवरचा कामगार धोका ओळखून यंत्र थांबवतो, तेव्हा उत्पादन बुडाले म्हणून त्याचा रोज कापला तर दुसऱ्या वेळी तो थांबवील काय? माणसे वाचवणारा नकार त्याच्या पोरांच्या पोटातून का वसूल व्हावा?

ही म्हणाली, “अहो, आपल्या कोंडेश्वराला असा अडवणारा कोणी असता तर!” तिचे खरे आहे. पावसाळ्यात तिथे मुंबईपासून पोरे येतात, बंदीचे हुकूम निघतात, फलक लागतात आणि तरी कोणा ना कोणाच्या घरी प्रेत जाते. ओढ्याचा रंग ओळखणारे ठाकूर-कातकरी तरुण त्याच डोंगरात राहतात. पावसाळ्याचे चार महिने त्यांना पक्क्या पगारावर नेमा, आणि ज्या दिवशी ते वाट बंद करतील त्या दिवसाचाही पुरा रोज द्या, ही मागणी घेऊन आपण नगरपालिकेकडे जायचे आहे. अर्ज इथे टेबलावर ठेवला आहे. सह्या करून जावे.